आईपेक्षा म्हातारा

दवाखान्याच्या काउंटरवरची मुलगी नवीन होती. तिने व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मिलिंदकडे पाहिलं, मग खुर्ची ढकलत आणणाऱ्या कुमुदकडे पाहिलं आणि गोड आवाजात विचारलं, "आजोबांच्या तुम्ही कोण? मुलगी का?"

"आई," कुमुद म्हणाली.

म्हाताऱ्या माणसांच्या विनोदाला हसतात तशी मुलगी हसली. मग समोरच्या पडद्यावर दोघांच्या जन्मतारखा उघडल्या आणि ती उठून उभीच राहिली. "म्हणजे तुम्ही त्या... कुमुद खांडवीकर? दहावीला तुमच्यावर धडा होता आम्हाला!"

"धड्यात हिचा फोटो चांगला नाही आलेला," मिलिंद म्हणाला. बोलताना त्याला धाप लागत होती, पण थट्टा सोडवत नव्हती. "आणि माझं तर नावसुद्धा नाही त्यात."

मिलिंद चौऱ्याऐंशी वर्षांचा होता. कुमुद एकशे आठ. बार्शीतल्या जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, आणि जुनी माणसं आता फारशी उरली नव्हती. कुमुदचे केस पांढरे झाले होते, जिना चढताना एक गुडघा कुरकुरायचा, पण तिचं शरीर पासष्टीच्या आसपास कुठेतरी थांबलं होतं. भाजी तीच आणायची, मिलिंदची दाढी तीच करायची, त्याचा हात धरून त्याला न्हाणीघरात तीच न्यायची.

डॉक्टरांनी त्या दिवशी फार वेळ घेतला नाही. मिलिंदच्या हृदयाच्या झडपा दोनदा बदलून झाल्या होत्या. आता स्नायूच थकला होता. "औषधं चालू ठेवू," ते म्हणाले. "त्रास कमी राहील असं बघू. हिवाळ्यापर्यंत काय होतंय ते पाहू."

परत येताना मिलिंद रस्त्याकडे बघत होता. कुमुद मात्र एकाच गोष्टीचा विचार करत होती. ज्या गोष्टीमुळे ती शाळेच्या पुस्तकात गेली, ती गोष्ट आपल्या मुलाला का मिळू नये?

ती गोष्ट उघडकीला आली त्याला बरीच वर्षं झाली होती. पुण्यातली एक संशोधन संस्था नव्वदी ओलांडलेल्या लोकांच्या रक्ताचे नमुने गोळा करत होती. समीरा मुजावर नावाची एक विद्यार्थिनी त्यासाठी बार्शीला आली. नव्वदी पार केलेल्या बाईंनी स्वतः दार उघडलं, तिला बसवलं, कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खायला घातली आणि वर "चटणी तिखट लागली का गं?" म्हणून गुळाचा खडा दिला. पोरगी गडबडून गेली. दोन महिन्यांनी ती पुन्हा आली तेव्हा तिच्याबरोबर तिचे सरही होते.

समीराने त्या दिवशी सगळं नीट समजावून सांगितलं होतं. डीएनए म्हणजे पेशीच्या केंद्रात जपून ठेवलेलं मूळ दफ्तर. ते बाहेर जात नाही. त्यातल्या हव्या त्या भागाची नक्कल निघते, ती आरएनए. ही नक्कल निरोपासारखी बाहेर जाते आणि तिच्यावरून प्रथिनं तयार होतात. इथपर्यंत शाळेतही शिकवतात. पण बाहेर गेलेली नक्कल किती वेळ टिकायची हे कोण ठरवतं? जखम झाली की सूज आणणारा निरोप शरीराला लागतो, पण काम झालं की तो लगेच नष्ट व्हायला हवा. दुरुस्तीचा निरोप मात्र बराच वेळ टिकायला हवा. आरएनएला चिकटून बसणारी काही प्रथिनं हे काम करतात. कोणत्या निरोपाला धरून ठेवायचं आणि कोणत्या निरोपाला मोडीत काढायचं, हे त्यांच्या हातात असतं. वय वाढतं तशी त्यांची पकड ढिली पडते. सुजेचे निरोप उगाच रेंगाळतात, दुरुस्तीचे निरोप वाटेतच तुटतात. म्हातारपण म्हणजे सगळं हेच असं नाही, पण त्याचा एक मोठा भाग हा असतो.

"तुमच्यात अशाच एका प्रथिनाच्या जनुकात एक अक्षर वेगळं आहे," समीरा म्हणाली होती. "त्यामुळे तुमच्या प्रथिनाची पकड सुटतच नाही, आजी."

कुमुदने थोडा विचार केला होता. तरुणपणी ती बार्शीच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होती. कानाला हेडफोन लावून ट्रंक कॉल जोडून द्यायची. "म्हणजे कोणता कॉल चालू ठेवायचा आणि कुणाला 'वेळ संपली' म्हणून वायर काढायची, हे ठरवणारी ऑपरेटर," ती म्हणाली. "माझ्याकडची अजून रिटायर झालेली नाही."

समीराचे सर मोठ्यांदा हसले होते.

मग मिलिंदचीही तपासणी झाली. प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, आणि आईकडून मुलाला त्यांतली एकच मिळते. कुमुदच्या दोन प्रतींपैकी एकीतच ते अक्षर बदललेलं होतं. मिलिंदच्या वाट्याला दुसरी आली होती. "तुझं नाक तेवढं मिळालं मला," तो हसत म्हणाला होता. कुमुदला हसू आलं नव्हतं. त्याला काही न देता आपणच सगळं ठेवून घेतलं, असं तिला उगाचच वाटत राहिलं.

पुढच्या काही वर्षांत त्या एका अक्षरावरून उपचार तयार झाला. एकच इंजेक्शन, आणि शरीरातल्या बऱ्याचशा पेशींमध्ये तेवढं एक अक्षर बदलायचं. सत्तरीच्या आतले लोक ते घेऊ लागले. लग्नं जुळवताना दोन्हीकडची मंडळी त्याबद्दल आडून आडून विचारू लागली. शाळेतल्या मित्रमैत्रिणींच्या मेळाव्यात एकाच वर्गातली माणसं दोन पिढ्यांची दिसू लागली. घेतलेल्यांना न घेतलेल्यांसमोर उगाच ओशाळल्यासारखं व्हायचं, आणि न घेतलेले त्यांना तरुण दिसता म्हणून चिडवायचे, पण ते चिडवणं फार वेळ टिकायचं नाही. मिलिंद तेव्हा सत्तरीच्या पुढे गेला होता.

दवाखान्यातून आल्यावर आठवड्याभरातच कुमुद एकटी पुण्याला गेली. समीरा आता संस्थेची प्रमुख झाली होती. तिने कुमुदला स्वतःच्या खोलीत नेलं.

"माझ्या मुलाला इंजेक्शन दे," कुमुद सरळ म्हणाली.

"आजी, सत्तरीच्या पुढे आम्ही देत नाही. कारण सांगितलंय मी तुम्हाला."

"पुन्हा सांग."

समीराने सांगितलं. म्हाताऱ्या शरीरात पुष्कळशा पेशी थकून झोपलेल्या असतात. त्या वाढत नाहीत, मरतही नाहीत. त्यांतल्या काही आतून बिघडलेल्या असतात, पण झोपेत असल्यामुळे निरुपद्रवी राहतात. नवं प्रथिन आलं की त्या जाग्या होऊ शकतात. सुरुवातीला सत्तरीच्या पुढच्या काही स्वयंसेवकांना उपचार दिला होता. काहींना खरोखर उभारी आली, त्यांची हृदयं सुधारली. आणि काहींना वर्षभरात रक्ताचा कर्करोग झाला.

"म्हणजे काहींना उभारी आली," कुमुद म्हणाली.

"आजी..."

"समीरा, तुम्ही माझं रक्त किती वेळा काढलं? मी कधी नाही म्हटलं? कधी काही मागितलं?"

खरंच, या बाईंनी कधीच काही मागितलं नव्हतं. शेवटी समीरा म्हणाली, "समितीपुढे मांडते. तुमचं नाव पाहून ते कदाचित अपवाद करतील. पण सही त्यांची लागेल. मिलिंदकाकांची. ते शुद्धीवर आहेत, त्यांना कळतंय. तुम्ही त्यांच्या वतीनं हो म्हणू शकत नाही."

"मी त्याची आई आहे."

"हो. पण ते चौऱ्याऐंशीचे आहेत," समीरा हळूच म्हणाली.

समितीची परवानगी महिन्याच्या आतच आली. कुमुदने ही बातमी मिलिंदला जेवताना सांगितली. त्याच्यासाठी ज्वारीची भाकरी आमटीत कुस्करून देता देता ती बोलत होती. पुण्याला कसं जायचं, किती दिवस राहायचं, शर्वरीकडे उतरायचं का. शर्वरी मिलिंदची एकुलती एक मुलगी, पुण्याला असायची.

मिलिंदने ताटली बाजूला सारली. "नको, आई."

"काय नको? भाकरी?"

"इंजेक्शन नको."

कुमुदला वाटलं तो कर्करोगाला घाबरला. तिने समीराने सांगितलेली उभारी आलेल्या लोकांची उदाहरणं त्याला सांगितली. त्याने सगळं ऐकून घेतलं. लहानपणी पाढे म्हणून दाखवताना चुकलं की तो असाच, नजर खाली करून ऐकायचा.

"मी घाबरलो नाही," तो म्हणाला. "मला एक सांग. दुपारी तू माझ्याशेजारी बसतेस आणि म्हणतेस, आठवतं का रे, भगवंत टॉकीजच्या मागे तो कुल्फीवाला होता? रोज काहीतरी असंच विचारतेस. मी नसलो तर कुणाला विचारशील?"

कुमुदने ताटली पुन्हा त्याच्यासमोर सरकवली.

"बाबा जाऊन किती वर्षं झाली. तुझ्या एक्स्चेंजमधल्या सगळ्या जणी गेल्या. मावश्या गेल्या. तुला 'कुमे' म्हणणारं कुणी राहिलं नाही. मी बघतो ना रोज. कुणी दारात आलं की तू आधी चेहरा निरखतेस, ओळखीचं आहे का म्हणून. मग पाणी आणायला आत जातेस."

"म्हणून तर तू हवास," कुमुद म्हणाली. तिचा आवाज चढला होता. "आईनं मुलाच्या आधी जायचं असतं. ते होणार नसेल तर निदान तू थांब. एवढं मागितलं तर काय चुकलं माझं?"

"काहीच चुकलं नाही. पण माझ्याकडेही बघ की. माझ्या वर्गातलं कुणी आहे का आता? वैशाली गेली. बापू गेला, सुनील गेला. वैशालीबद्दल बोलायला मला तू आहेस म्हणून चाललंय. पण सगळं तुला सांगता येतं का मला? तू तिची सासू होतीस." तो थोडं हसला. मग धाप लागली म्हणून थांबला. "मी थकलोय गं. मी तुझा मुलगा आहे हे खरं, पण मी म्हातारा झालोय. मला म्हातारं होऊ दे."

कुमुद उठून स्वयंपाकघरात गेली. नळ सोडून ताटं घासू लागली. स्वच्छ झालेलं ताट तिने पुन्हा घासायला घेतलं. बाहेर मिलिंदची खुर्ची सरकल्याचा आवाज आला. तो धडपडत दारापर्यंत आला होता, चौकटीला धरून उभा होता.

"रागावलीस?"

"बस जा. पडशील."

"रागावलीस का ते सांग."

"हो," कुमुद म्हणाली. तिने ओला हात पदराला पुसला, त्याला धरून खुर्चीपर्यंत नेलं, आणि आमटी गार झाली होती म्हणून पुन्हा तापवून आणली. त्याने ती सगळी संपवली.

दोन दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने समीराला फोन लावला आणि म्हणाली, "तो नको म्हणतोय. तुला त्रास दिला, माफ कर." समीरा काहीतरी सांत्वनाचं बोलू लागली तेव्हा कुमुदने "घरी ये एकदा, चटणी करून ठेवते" म्हणत फोन ठेवला.

दिवाळीच्या आधी शर्वरी आली. बाबांना कुठे जावंसं वाटतंय असं तिने विचारलं, तर मिलिंद पटकन म्हणाला, "रामलिंगला."

येडशीजवळचं रामलिंग त्याच्या लहानपणी छोट्या गाडीने जाण्याचं ठिकाण होतं. ती बार्शी लाइटची अरुंद रुळांची गाडी. घाटात ती इतकी सावकाश चढायची की पोरं खाली उतरून तिच्या बरोबरीने चालायची. ते रूळ, ते डबे कधीच गेले होते. आता शर्वरीची गाडी आपली आपण वळणं घेत चालली होती आणि तिघंही खिडकीबाहेर बघत होते. डोंगर अजून हिरवा होता. सीताफळांचे दिवस होते.

"इथंच कुठेतरी बाबा गाडीतून उतरले होते," मिलिंद म्हणाला. "उडी मारून. सीताफळं तोडून शर्टात भरून आणली आणि मागच्या डब्यात चढले. आठवतं का?"

"सीताफळं कुठली? तुझी चप्पल पडली होती खिडकीतून. नवी होती. ती आणायला उतरले ते."

"छे! मला सीताफळांचा वाससुद्धा आठवतोय."

"आणि मला तुझं रडणं आठवतंय. साऱ्या डब्यानं ऐकलं."

"चप्पल वेगळ्या वेळी पडली असेल."

"तुझी एकच चप्पल पडली, तीही इथंच."

दोघं इतक्या हिरिरीने भांडत होते की शर्वरीला हसू आवरेना. आजोबा गोपीनाथ गिरणीत टाइमकीपर होते आणि तिच्या जन्माच्याही आधी गेले होते, एवढंच तिला माहीत होतं. ते चालत्या गाडीतून उड्या मारत होते, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं. "शेवटी काय आणलं त्यांनी?" तिने विचारलं.

मिलिंद आणि कुमुदने एकमेकांकडे पाहिलं. सांगायला तिसरं कुणीच नव्हतं.

"दोन्ही आणलं असं समज," मिलिंद म्हणाला. "चप्पल शोधायला गेले आणि येताना फळं आणली."

"असं झालेलं नाही," कुमुद पुटपुटली, पण तिने पुढे वाद घातला नाही.

देवळापर्यंत पायऱ्या होत्या. त्या उतरणं मिलिंदला जमणार नव्हतं. ते वरच झाडाखाली बसले. माकडांनी शर्वरीच्या हातातलं बिस्किट पळवलं. मिलिंदने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि थोडा वेळ झोपला. वाटेने जाणारी एक बाई दुसरीला म्हणाली, "बापाला किती जपते बघ ही." कुमुदने तिची चूक दुरुस्त केली नाही. तिने फक्त त्याच्या डोक्यावरची टोपी सावरली.

त्यानंतर रोज दुपारी ती दोघं बोलत बसायची. आता कुमुद फारसं विचारायची नाही. मिलिंद सांगायचा आणि ती ऐकायची. वैशालीला त्याने पहिल्यांदा कुठे पाहिलं, नोकरी लागल्यावर पुण्याच्या खोलीत एकट्याने पहिला स्वयंपाक केला तेव्हा वरण कसं करपलं, वडील गेले त्या दिवशी तो अंगणात का जाऊन बसला होता. यांतलं बरंचसं तिला पहिल्यांदाच कळत होतं. आपल्याला मुलगा पूर्ण माहीत आहे असं ती इतकी वर्षं धरून चालली होती.

मार्गशीर्षात एका सकाळी ती त्याची दाढी करत होती. एक गाल झाला. दुसरीकडे वळवायला तिने हनुवटीला बोट लावलं आणि तिला कळलं. तिने हाक मारली नाही. कोमट पाण्यात टॉवेल भिजवून उरलेला साबण पुसला, मग विचार बदलून ब्रश पुन्हा हातात घेतला आणि दुसरा गालही नीट करून दिला. त्यानंतर शर्वरीला फोन केला.

अग्नी शर्वरीने दिला. गुरुजी वयाने लहान होते. आईने मुलाच्या दहाव्याला कुठे बसावं याबद्दल ते चाचरत काहीतरी सांगू लागले. कुमुद त्यांना म्हणाली, "मी जवळ बसणार. बाकी तुम्ही काय ते करा."

तेरावा झाला, पाहुणे गेले. शर्वरीचा नवरा अनिकेत पुण्याला परतला. ती मागे राहिली. दुपारी दोघी पडवीत शेंगा फोडत बसल्या होत्या. शर्वरी बावन्नला टेकली होती. कानांमागचे केस पिकले होते.

"आजी, मी आणि अनिकेत इंजेक्शन घेणार आहोत. पुढच्या महिन्यात."

कुमुदचे हात थांबले. "तू तर घेणार नाही म्हणत होतीस."

"हो."

"माझ्यासाठी घेत असशील तर घेऊ नकोस. म्हातारीला सोबत म्हणून कुणी आयुष्य वाढवत नाही. आणि सोपं नसतं ते, शर्वरी. मी बघितलंय. माणसं जातात आणि तू तशीच राहतेस."

"म्हणून अनिकेतलाही घ्यायला लावलं. मैत्रिणींशीही बोलतेय. दोघीतिघी तयार आहेत. एकटीनं नाही राहायचं एवढं कळलंय मला तुझ्याकडे बघून."

"मग कशासाठी?"

शर्वरीने शेंगांचं सूप मांडीवरून खाली ठेवलं. "रामलिंगला तुम्ही दोघं भांडत होतात ना, तेव्हा मला वाटलं मला काहीच माहीत नाही. आजोबा, तुझं एक्स्चेंज, बाबा लहान असताना कसे होते. बाबा होते तेव्हा मी कामात असायचे. फोन केला की तब्येत कशी आहे विचारायचे आणि ठेवून द्यायचे. आता त्यांच्याबद्दल जे काही आहे ते तुझ्याकडेच आहे. मला ते सगळं ऐकायचंय. सावकाश. वेळ लागेल ना त्याला?"

"लागेल," कुमुद म्हणाली. मग थोड्या वेळाने, "पण मी सांगेन ते सगळंच खरं असेल असं नाही. तो असता तर नाही म्हणाला असता."

"चालेल. मी नाही म्हणेन मग."

कुमुदला हसू आलं, आणि तेराव्यानंतर पहिल्यांदाच डोळ्यांत पाणीही आलं. तिने ते पुसलं नाही. शेंगा बाजूला सारून ती भिंतीला टेकून नीट बसली.

"तो झाला तो शनिवार होता. बाजाराचा दिवस. दवाखान्याच्या खाली बैलगाड्यांची रांग लागली होती, आणि त्याचा पहिला रडण्याचा आवाज आला तेव्हा खालचा एक बैल असा काही हंबरला की डॉक्टरीणबाई दचकल्या. तुझे आजोबा बाहेर उभे होते. त्यांना वाटलं, तो आवाज बाळाचाच."

शर्वरी जवळ सरकली. "आणि मग?"

"मग काय," कुमुद म्हणाली, "ते धावतच वर आले."